बारा व्होल्टची ओळ

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये मागच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, विटेपेक्षा थोडा मोठा पत्र्याचा डबा असतो. घरातली वीज आत घ्यायची आणि कॉम्प्युटरला चालेल अशी करून पुढं द्यायची, एवढंच त्याचं काम. पुस्तकात त्याला पॉवर सप्लाय म्हणतात, दुकानदार एसएमपीएस म्हणतात, आणि गिऱ्हाईक काहीच म्हणत नाही, कारण त्याच्याकडं कुणी बघतच नाही. कॉम्प्युटर घेताना लोक प्रोसेसर कोणता ते विचारतात, हार्ड डिस्क केवढी ते विचारतात. डबा कॅबिनेटबरोबर येतो. आमच्याकडंही तसाच आला. त्या डब्यापायी माझं काम गेलं. इतक्या वर्षांनी असं काही लिहिताना आता मनात राग नाही असं म्हणायची पद्धत आहे. माझ्या मनात आहे.

दोन हजार सहा-सातचा सुमार. नारायणगावात आमचं लग्नाच्या शूटिंगचं काम होतं. नवरा कॅमेरा घेऊन लग्नांना जायचा आणि मिक्सिंग मी घरी करायचे. मिक्सिंग म्हणजे कॅसेटवरचं चित्रण कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं, नको ते कापायचं, गाणी आणि नावं टाकायची आणि सीडी काढायची. आधी आम्ही कॅसेटा पुण्याला पाठवायचो. तिथला ऑपरेटर हुशार होता, पण त्याला आमच्याकडची लग्नं कळायची नाहीत. मामाचा आहेर कापला तर सहा महिने रुसवा चालतो, मानपानाच्या वेळी कोणता चुलता दोनदा दिसायलाच हवा, टोपी घालताना कुणाचं तोंड वाकडं झालं ते काढून टाकायचं, हे त्याला कसं कळणार? मला कळायचं. मी त्याच्या खुर्चीमागं बसून काम बघितलं, मग घरी मशीन घेतलं आणि शिकले. पुढं आळ्यापासून बोरीपर्यंतची गिऱ्हाइकं शूटिंग ठरवतानाच सांगायला लागली, "मिक्सिंग मात्र वहिनीच करतील ना?" लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून कुणाची सून, कुणाची बायको, कुणाची आई होते. माझ्या स्वतःच्या हाताच्या नावानं ओळखलं जाणारं हे एकच होतं. ते मला टिकवायचं होतं, दुसरं काही नाही.

मशीन जोडून दिलं होतं माझ्या नणंदेच्या नवऱ्यानं. आळेफाट्याला त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. घरात सगळे त्याला पावणं म्हणायचे आणि मी दाजी म्हणायचे. जावयाकडून वस्तू घेताना आमच्यात बिल मागत नाहीत, आणि आलेल्या वस्तूत खोट काढत नाहीत. जावयानं आणलेला आंबा आंबट निघाला तरी तो आमरसात साखर घालून गोड करून घ्यायचा असतो. सासूबाईंनी मला हे पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. आंब्यापुरतं मला ते पटतही होतं.

मग लोकांना थ्री-डी टायटल हवं झालं. फिरत्या अंगठीत नवरा-नवरीचा फोटो, वरून गुलाबाच्या पाकळ्या, मागं ढगातून येणारा महाल. नारायणगावात दुसऱ्या एका स्टुडिओनं ते सुरू केलं आणि आमची दोन लग्नं तिकडं गेली. त्यासाठी चांगलं ग्राफिक्स कार्ड लागत होतं. नवऱ्यानं पुण्याहून आणलं. दाजी येऊन ते बसवून गेले. कार्डाला वेगळी वीज लागत होती आणि तसली वायर आमच्या डब्याला नव्हती, तेव्हा त्यांनी एक जोडवायर लावून हार्ड डिस्कच्या वायरीतून वीज दिली. ते गेल्यावर कार्डाचा खोका माझ्याकडं राहिला.

माझं माहेर मंचरचं. वडिलांचं पाण्याच्या मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान होतं. जळलेली मोटार आली की ते आधी तिची पाटी पुसायचे आणि पहिल्यांदा अँपिअर वाचायचे, हॉर्सपॉवर नंतर. माझं लहानपण त्या दुकानात गेलं, त्यामुळं कुठल्याही विजेच्या वस्तूवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. खोक्यावर लिहिलं होतं: किमान चारशे वॅटचा पॉवर सप्लाय, आणि बारा व्होल्टच्या ओळीवर वीस अँपिअर. पहिला आकडा मोठा छापलेला, दुसरा खाली, बारीक.

मी मशीन बंद केलं, प्लग काढला, कॅबिनेटचं झाकण उघडलं आणि बॅटरी लावून डब्यावरचा स्टिकर वाचला. वर ठळक ४५० वॅट. खाली तक्ता होता. हा डबा तीन ओळींतून तीन वेगवेगळ्या व्होल्टची वीज देतो आणि प्रत्येकीची मर्यादा वेगळी असते. ३.३ व्होल्टला अठ्ठावीस अँपिअर, पाचला तीस, बाराला बारा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. ब्याण्णव, दीडशे आणि एकशे चव्वेचाळीस. सगळ्या ओळी काठोकाठ भरल्या तरी बेरीज साडेचारशेला पोचत नव्हती. पण खरा मुद्दा तो नव्हता. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही बहुतेक सगळी वीज बारा व्होल्टच्याच ओळीतून ओढतात. प्रोसेसरचे पंच्याण्णव वॅट, कार्डाचे ऐंशी, दोन हार्ड डिस्क आणि पंख्यांचे पंचवीस, असे दोनशे. दोनशे भागिले बारा, सोळा-सतरा अँपिअर. डबा कागदावरच बारा देत होता. वीस हा आकडा कार्डवाल्यांनी उगाच लिहिला नव्हता. थोडी सवड ठेवून लिहिला होता.

पुढच्या रविवारी दाजी आणि नणंद जेवायला आले. जेवणं झाल्यावर मी खोका आणून दाजींच्या पुढं ठेवला आणि हिशोब सांगितला.

"वहिनी, साडंचारशे लिवलंय न्हवं त्याच्यावर?" दाजी म्हणाले. "चारशे मागतोय, आपण साडंचारशे दिलाय. पन्नास वर दिल्यात की."

"ते सगळ्यांची बेरीज मिळून आहे, दाजी. बाराच्या ओळीला बाराच अँपिअर आहेत."

"मी वर्साला शंबर मशीनं जोडतो. एक बी तक्रार न्हाई."

"त्यात कार्ड किती मशिनींत असतं?"

ते नवऱ्याकडं बघून हसले. "राव, तुमच्याकडं कालवणात मीठ बी तोलूनच टाकत्यात का काय?"

सगळे हसले. नवराही हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्या मला म्हणाल्या, "सुपारी आण पावण्यास्नी." मी आत गेल्यावर मागनं आल्या आणि हळू आवाजात बोलल्या. "जावयाच्या मालाला तोंडावर नावं ठेवत्यात व्हय गं? तुज्या बापानं मोटारी दुरुस्त केल्या, तू नको करू."

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला सांगितलं, पुण्याहून चांगला डबा आणू. जुना काढून ठेवू, दाजींना सांगायचंही कारण नाही. त्याला गणित कळलं होतं. तो मूर्ख माणूस नव्हता, तेव्हाही नाही आणि आताही नाही.

"त्यांनी कॅबिनेट उघडलं की दिसणारच," तो म्हणाला. "मग बहिणीला तिकडं ऐकून घ्यावं लागेल. तुज्या भावाला आमचा माल चालत न्हाई, म्हणतील. तू एक डबा बदलशील. तिला रोज त्या घरात वावरायचंय."

सासरी एका शब्दावरून महिनाभर काय ऐकावं लागतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. डब्याचा विषय मी सोडला. निदान लग्नसराई संपेपर्यंत तरी जड टायटलं कमी करू, असं मी सुचवलं. तो म्हणाला, "टायटलासाठीच तर कार्ड आणलंय."

मशीन अडायला लागलं. साधं कापाकापीचं काम चालायचं, पण अंगठी फिरायला लागली की स्क्रीन गोठायचा, नाहीतर मशीन आपोआप बंद होऊन परत सुरू व्हायचं. शेतीची थ्री फेज वीज आली आणि शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातला दाब उतरायचा, तेव्हा हे हमखास व्हायचं. दाजी येऊन बघून जायचे. एकदा म्हणाले व्हायरस आहे, आणि सगळं पुसून सिस्टीम नव्यानं टाकली. एकदा रॅम बदलली. एकदा म्हणाले, "नारायणगावची लाइटच बेकार, मशीनीनं काय करायचं?" लाइट बेकार होती हे खरंच होतं. पण मी कार्ड काढून ठेवून दोन दिवस काम केलं, तेव्हा त्याच लाइटीवर मशीन एकदाही बंद पडलं नाही. हे मी सांगितलं तर दाजी म्हणाले, "मग कार्डच खराब असंल. पुण्याचा माल."

नवऱ्याकडं लाइटच्या वायरी तपासायला मल्टिमीटर होता. मी एका दुपारी झाकण उघडून, मोकळ्या राहिलेल्या एका प्लगमध्ये पिवळ्या आणि काळ्या वायरीवर मीटर लावला. पिवळी वायर बारा व्होल्टची असते. मशीन नुसतं चालू असताना अकरा पूर्णांक आठ दाखवत होता. टायटल लावलं, अंगठी फिरायला लागली, आणि आकडा उतरत अकरा पूर्णांक एकवर आला. अकरा पूर्णांक चारच्या खाली तो जायला नको. मी नवऱ्याला बोलावून दाखवलं. त्यानं आकडा बघितला, डोक्याला हात लावला आणि म्हणाला, "एवढी बोरीची लग्नं होऊ दे. मग मीच बोलतो पावण्यांशी." मी झाकण लावलं, स्क्रू पिळले.

तो बोलला नाही. आठ-दहा दिवसांनी, बोरी बुद्रुकच्या एका लग्नाचं टायटल करत असताना, मागून फटाका फुटावा तसा आवाज झाला. डब्याच्या जाळीतून धूर आला आणि जळक्या माशासारखा वास खोलीभर पसरला. मी भिंतीवरचं बटण बंद केलं. नंतर बघितलं तर डबा गेला होता, मदरबोर्ड गेला होता आणि दोन्ही हार्ड डिस्क गेल्या होत्या. चांगला डबा लाइटीच्या झटक्यात एकटा जातो. हा सगळ्यांना घेऊन गेला. सराईत आमच्याकडं कॅसेटा कमी पडायच्या, म्हणून एकदा चित्रण कॉम्प्युटरमध्ये घेतलं की तीच कॅसेट पुढच्या लग्नाला जायची. बोरीच्या लग्नावर दुसरं लग्न भरून झालं होतं.

संध्याकाळी दाजी आणि नणंद आले. माजघरात सगळे जमले होते. दाजींनी कॅबिनेट आडवं पाडून उघडलं, वास घेतला, बोटानं काजळी पुसून बघितली. मग मान वर न करता विचारलं, "ह्ये मदी कुणी खोललं व्हतं का?"

नवऱ्याला माहीत होतं. तो कॅबिनेटकडं बघत राहिला.

"मी उघडलं होतं," मी म्हणाले. "मीटर लावून मोजलं होतं."

"चालू मशीनमदी?"

"चालू असल्याशिवाय कसं मोजणार?"

दाजींनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "मग झालं. काय इचारायचंच राह्यलं न्हाई. कुटंतरी शॉर्ट केलं असंल वहिनींनी."

मी सांगायला लागले. मोजून आठ दिवस होऊन गेले, त्यानंतर मशीन रोज चाललंय. शॉर्ट झालं असतं तर त्याच क्षणी झालं असतं. आकडा किती उतरत होता तेही सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "आता बास कर." त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी अजून विसरले नाही. त्यांना हायसं वाटलं होतं. जावयाच्या मालाची खोट निघाली असती तर ते सगळ्यांना जड गेलं असतं. सुनेची निघाली, सुनेची चूक घरातल्या घरात जिरते. नणंद दाराशी उभी होती, तिनं पदर सारखा केला. मी नवऱ्याकडं बघितलं. मीटरवरचा आकडा त्यानं स्वतः पाहिला होता. तो म्हणाला, "पावणं, डिस्कमधलं काही निघंल का?"

निघालं नाही.

बोरीहून त्या लग्नातल्या नवरीची आई आली. एकटीच आली होती, जीपनं, पायरीवरच बसली. नवऱ्यानं तिला सांगितलं की मशीन जळालं, पैसे परत देतो. पैशाचं तिनं ऐकूनच घेतलं नाही.

"बाई, सगळं नको," ती मला म्हणाली. "पोरीची पाठवणी तेवढी काढून दे. मी तवा रडत व्हते, मला काय सुदीच नव्हती. ती जाताना माज्याकडं बगत व्हती का न्हाई, तेवढं बगायचं व्हतं."

ती पाठवणी मी दोनदा लावून बघितली होती. मुलगी बघत होती. गाडीचं दार लावेपर्यंत बघत होती. हे मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली, पण मी नुसतं समजूत काढायला बोलतेय असं तिला वाटलं असावं. मग तिनं विचारलं, जळालं कशानं? नवरा म्हणाला, "घरातनं जरा मशीन खोललं गेलं, मावशी. माहिती नसताना."

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आपण बायकांनी कशाला हात घालायचा गं लाइटीच्या कामात?" तिचा आवाज चांगला होता. ती रागवली नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं.

ही गोष्ट बोरीत गेली, आणि बोरीहून सगळीकडं. नवं मशीन आमच्या घरी आलंच नाही. दाजी म्हणाले, मिक्सिंग फाट्यावर दुकानातच ठेवू, तिथं ऑपरेटर ठेवू, म्हणजे देखरेख राहील. सासूबाईंना पटलं. नवऱ्यानं हो म्हटलं. माझ्याकडं सीडीच्या डब्यांवर फोटो चिकटवायचं काम आलं. मी ते केलं. सरळ चिकटवले.

त्या वर्षी दिवाळीला नणंद माहेरी आली. भाऊबिजेच्या दिवशी आम्ही दोघी मागच्या दारी भांडी घासत होतो. ती मला म्हणाली, "वहिनी, तुमी तवा बदलायचा व्हता तो डबा. गपचिप."

"तुला त्रास नको म्हणून नाही बदलला," मी म्हणाले. "तुझ्या दादानं नको म्हटलं."

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मला कुणी इचारलं? आमच्या दुकानात मागच्या खोलीत तसल्या परत आलेल्या डब्यांचा ढीग हाय. कार्डवाल्या मशीनीला हे आता दुसराच लावत्यात, जड, म्हागाचा. फाट्यावरच्या तुमच्या मशीनीला बी तोच लावलाय."

"हे आईंना सांगशील?"

तिनं पातेलं परत हातात घेतलं. "मी कशी सांगू, वहिनी?" म्हणाली. ते खरंच होतं. तिच्यावर मी तेव्हाही रागवले नाही आणि आजही नाही. जिच्यासाठी म्हणून आम्ही सगळे गप्प बसलो, तिला एकदा विचारावं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

पुढच्या सराईला फाट्यावरचा ऑपरेटर काम सोडून पुण्याला गेला. त्यानं केलेल्या सीडीत मामा कापले जात होते, चुलते रुसत होते, आणि गिऱ्हाइकं कुरकुरत होती. एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा नवरा गच्चीवर आला.

"मशीन घरी आणतो," तो म्हणाला. "बसतेस का परत?"

मला हो म्हणायचं होतं. किती, ते सांगता येणार नाही. त्या वर्षभरात कुठल्याही लग्नाला गेले की मी मनातल्या मनात कापत होते, जोडत होते.

"बसते," मी म्हणाले. "आईंच्या समोर एवढंच सांगा, की मशीन माझ्या हातानं जळलं नाही. डबा अपुरा होता आणि मीटरवर तुम्ही बघितलं होतं. दाजींचं नाव घेऊ नका. नुसता डबा म्हणा."

तो कठड्याला टेकून उभा राहिला. खाली सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या, वरून दिसत होत्या.

"आता जुनं उकरून काय मिळायचंय?" तो म्हणाला. "झालं ते झालं. कोण तुला आता काय म्हणतंय?"

"मग सांगायला अवघड काय आहे?"

तो खाली गेला. मी वरून बघत होते. तो सासूबाईंच्या शेजारी थोडा वेळ बसला, दोन पाकळ्या सोलल्या, काहीतरी बोलला, त्या हसल्या. मग उठून गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडला. मिक्सिंग पुन्हा पुण्याला जायला लागलं. अजूनही तिकडंच जातं. त्या सकाळनंतर त्यानं मला परत विचारलं नाही, आणि मी मशीनवर बसले नाही.